चार्जिंगवाली सखी

“हलू नको, कानामागं राह्यलं आहे,” इंदुताई म्हणाली आणि करिष्माची हनुवटी धरून तिनं स्पंजचा तुकडा पुन्हा वाटीत बुडवला. वाटीत खोबरेल तेलात कालवलेला चंदेरी रंग होता. मेकअपचा नव्हे, गणपतीच्या मखराला मारतात तो. मेकअपचा चंदेरी रंग नागपूरला मिळतो हे निर्माता धनराजला चांगलं ठाऊक होतं, पण एका पोरीच्या कातडीसाठी नागपूरपर्यंत कोण जाणार? त्या रंगाला रॉकेलचा आणि जुन्या पत्र्याचा मिळून एक वास होता. आठ दिवसांच्या रंगीत तालमींत तो इंदुताईच्या नखांत जाऊन बसला होता. भाताचा घास तोंडाशी नेला की आधी तोच वास यायचा.

सकाळचे दहा वाजले होते. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे लोकांनी रात्री जेवून यायचं आणि पहाटे कपड्यांना लागलेलं भाताचं तणस झटकत घरी जायचं, ही पिढ्यांची रीत. पण येरंडटोलीच्या शिवारात दहा दिवसांपूर्वी धान कापायला गेलेल्या बाईला वाघानं नेलं, आणि दिवस मावळल्यावर माणसं जमवायची नाहीत असं वनखात्यानं गावाला बजावलं. गाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, पुढे ढकलायला तयार नव्हतं आणि धनराज तारीख सोडायला तयार नव्हता. मग ठरलं, नाटक भर उन्हात करायचं. कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप उभा राहिला, बांबूच्या तट्ट्याची रंगपटाची खोली उभी राहिली. तीस वर्षं झाडीपट्टीत काढलेल्या इंदुताईनं उन्हात कधी तोंड रंगवलं नव्हतं. तट्ट्याच्या भोकांतून येणाऱ्या उजेडात पोरीचा चेहरा पाहिला आणि तिला कसंसंच झालं. दिव्याखाली चमकला असता तो रंग इथे नुसता माखलेला दिसत होता.

या रंगाचं मूळ होतं धनराजचा मुलगा आदेश. नागपुरात इंजिनिअरिंगची तीन वर्षं काढून तो एक मोबाईल आणि अर्धवट दाढी घेऊन वडशाला परत आला होता. मोबाईलवर त्यानं जपानी कार्टूनची एक मालिका पाहिली, हिंदीत बोलणारी. कॉलेजात शिकणाऱ्या एका बुजऱ्या पोराच्या खोलीवर हुबेहूब मुलीसारखं दिसणारं यंत्र येतं, आणि मग दोघांची जी तारांबळ उडते ती. आदेशनं त्यावरून तीन अंकी नाटक पाडलं, ‘चार्जिंगवाली सखी’. विद्यार्थी तो स्वतःच झाला, बत्तीस वर्षांचा. यंत्र म्हणजे करिष्मा. आणि इंदुताई त्या विद्यार्थ्याची आई. ती तिसऱ्या अंकात गावाहून येते, यंत्राला सून समजते आणि त्याची ओटी भरते. एवढा एक प्रवेश बरा होता. बाकी सगळं असं, की वाचताना इंदुताईला वाटायचं, वहीला हात लावल्यावर साबणानं धुवावा.

गंमत म्हणजे ती मालिका करिष्मानंही पाहिली होती. पोरगी भामरागडकडची. पावसाळ्यात तिच्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा रस्ता तुटला की महिनोन् महिने घरी जाता यायचं नाही, तेव्हा वसतिगृहात पोरी एका मोबाईलवर डोकी लावून हेच पाहात बसत. तालमीच्या पहिल्याच दिवशी तिनं इंदुताईला सगळी गोष्ट सांगितली होती. त्यातलं यंत्र भलतंच तापट होतं म्हणे. पोरगा खोटं बोलला की त्याचा जेवणाचा डबा नदीत फेकायचं, मग स्वतःच पाण्यात उतरून तो काढायचं आणि चार दिवस कुरकुर वाजत घरभर फिरायचं. सांगता सांगता करिष्मा तशी चालूनही दाखवायची. इंदुताईला हसून हसून खोकला लागला होता. तिनं आदेशला विचारलं, बाबा, तुझ्या यंत्राला राग का येत नाही? आदेश म्हणाला, काकू, पब्लिकला राग नको असतो, मजा पाहिजे असते. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. इथे तर शहाणपणाचाच दुष्काळ होता, म्हणून ती गप्प बसली.

गप्प बसायचं आणखी एक कारण होतं, आणि ते तिला कबूल करायला आवडलं नसतं. त्या कामात तिची विद्या लागणार होती.

वडशापासून सिरोंच्यापर्यंत इंदुताई ओळखली जायची ती मरण्यासाठी. नाटकात आई मेली, बहीण मेली, सवतीनं विष घातलेली सून मेली, की ती इंदुताई असायची, आणि मेल्यावर अर्धा अर्धा तास ती रंगमंचावर अशी पडून राहायची की पुढच्या रांगेतले लोक पैजा लावायचे. शेंगांची टरफलं फेकून झाली, नाकावर माशी बसून झाली. एकदा नवरगावकडच्या प्रयोगात इंगळी पोटरीवरून चालत गेली, तरी ती हलली नाही. म्हाताऱ्या बायका नाटक संपल्यावर रंगपटात येऊन तिच्या अंगाला हात लावून बघायच्या, जिवंत आहे ना म्हणून. नवरा होता, तो ऑर्गन वाजवायचा. तो गेला तेव्हाही लोक म्हणाले, इंदुताई रडताना खरी वाटली नाही, नाटकात वाटते.

तर ही विद्या तिनं करिष्माला दिली, वडशाच्या तालमीच्या खोलीत, पंधरा दिवस, रोज दुपारी. श्वास छातीत घ्यायचा नाही, पोटात घ्यायचा. नजर समोरच्याच्या डोक्यावरून न्यायची. पापणी लववायचीच असेल तर लोक हसतात तेव्हा लववायची. आणि सगळ्यात शेवटी ती गोष्ट, जी तिला तिच्या वेळच्या एका म्हाताऱ्या नटीनं सांगितली होती.

“आपलं आंग आपलं नाई असं समजाचं,” इंदुताई म्हणाली होती. “कोणाचं तरी ठेवलेलं सामान आहे समज. मंग काई नाई होत.”

पोरगी हुशार. आठव्या दिवशी तिच्या गालावर गोड चहा लावून पाहिला, माश्या बसल्या, तरी ती खांबासारखी उभी. इंदुताईनं तिच्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली होती.

दुसऱ्या अंकात आदेशनं एक युक्ती घातली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. झाडीपट्टीत नट आवडला की लोक बक्षीस देतात, माईकवर नाव पुकारलं जातं, नट नमस्कार करतो. आदेशनं तेच नाटकात ओवलं. सखीची बॅटरी उतरते, ती जागच्या जागी थिजते, आणि विद्यार्थी माईक घेऊन विचारतो, कोणी चार्जिंग करणार का? ज्याला करायचं त्यानं वर यावं, नोट टाचणीनं सखीच्या कपड्याला लावावी, की सखी एक हात हलवते. दुसरी नोट लावली की दुसरा हात. तालमीत वहीची पानं फाडून ती लावायचं काम प्रॉम्प्टर करायचा, तेही हात लांब धरून, खांद्याच्या शिवणीवर. सगळे हसायचे. इंदुताईही हसली होती. आपला माणूस कागद लावतो आणि परकी माणसं नोट लावतात यात फरक असतो, हे तीस वर्षं काढलेल्या बाईला सुचू नये, याची तिला पुढे स्वतःचीच शिसारी आली.

पहिला अंक बरा गेला. उन्हात पडद्यावरचं रंगवलेलं कॉलेज कळकट दिसत होतं, पण लोक हसत होते. माणसं डाव्या अंगाला, बाया उजव्या अंगाला, तणसावर, डोक्यावर पदर आणि दुपट्टे ओढून. मंडपाच्या कडेला वनखात्याची दोन माणसं काठ्या घेऊन बसली होती, तीही हसत होती. करिष्मा मान वळवायची, पाऊल उचलायची, ते पाहून पोरं किंचाळत होती. दुसऱ्या अंकात बॅटरी उतरली. करिष्मा थिजली. आदेशनं माईक घेतला.

पहिला वर आला तो एक शाळामास्तर. त्यानं अदबीनं खांद्यावर दहाची नोट लावली, सखीनं हात उचलला, टाळ्या पडल्या. मग बापूराव उठले. हे मंडईच्या मंडळाचे अध्यक्ष, साठीचे, पांढरेशुभ्र कपडे, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. नाटक गावात त्यांनीच आणलेलं. पायऱ्या चढताना त्यांनी मंडपाच्या कडेला पिंक टाकली, हनुवटीवरचा ओघळ मनगटानं पुसला आणि त्याच हातानं खिशातून नोट काढली. आदेशनं पुढे होऊन टाचणी दिली. बापूरावांनी नोट खांद्यावर धरून पाहिली, मान हलवली, मग खाली आणली आणि छातीवर धरली. टाचणी लागेना. म्हणजे ती लावायची त्यांना घाई नव्हती. हात तिथेच राहिला. त्यांनी लोकांकडे वळून माईकमध्ये विचारलं, “करंट तं नाई ना लागत?”

माणसांचं अख्खं डावं अंग हसून लोळलं.

इंदुताई विंगेत उभी होती, आईच्या वेषात, केसांना पांढरी पावडर लावून. तिला दिसत होतं की करिष्मा हललेली नाही. श्वास पोटात होता. नजर लोकांच्या डोक्यावरून पलीकडे, जंगलाच्या रेघेवर. आणि सांगायला लाज वाटते, पण एक क्षण, फक्त एक क्षण, इंदुताईला अभिमान वाटला, काय थांबली आहे पोरगी! लगेच तिनं तोंडावर पदर दाबला. घाण ती नुसती त्या खर्र्याच्या तोंडाची नव्हती. हे तिनं शिकवलं होतं. दुसरी कोणतीही पोरगी असती तर झटकन मागे सरली असती, शिवी दिली असती, निदान किंचाळली असती. ही उभी होती, कारण तिला उत्तम शिकवलं होतं.

खाली रांग लागली. दहाच्या नोटा, विसाच्या नोटा. इंदुताईनं मागे वळून धनराजचा दंड धरला आणि पडदा पाड म्हणून सांगितलं. धनराज खुशीत होता. तो म्हणाला, ताई, ते मशीन आहे, नाटक चालू आहे, लोकांना मजा येऊन राहिली आहे. त्याच वेळी करिष्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा हलला नाही, पापणी लवली नाही, नुसतं पाणी, आणि त्यानं रंगात दोन काळसर ओघळ पाडले. रात्रीच्या प्रयोगात ते कोणाला दिसलं नसतं. इथे शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं.

“अबे, तेल गरून राह्यलं मशीनचं,” कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा उसळला.

इंदुताई रंगमंचावर गेली. तिचा प्रवेश तिसऱ्या अंकात होता, पण लोकांना काय ठाऊक? ओळखीची बाई दिसली म्हणून बायांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. ती रांगेतल्या माणसांना ओलांडून करिष्मापाशी गेली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “हाल.”

करिष्मा हलली नाही.

“मी सांगून राह्यली, करिष्मा. हाल. आंग तुयंच आहे.”

मग पोरगी मटकन खाली बसली. इंदुताईनं तिला पदराखाली घेतलं आणि आत नेलं. नोटा वाटेत गळून पडत होत्या. त्या उचलायला आदेश वाकला, तेवढं मात्र त्यानं तत्परतेनं केलं. मग पडदा पडला.

रंगपटात जे झालं ते पाच मिनिटांचं. बापूरावांचा निरोप आला की तीन अंकांचं नाटक ठरलं आहे, दीड अंकात पळाल तर सामान इथेच राहील आणि पुढच्या दहा गावांना कळवू. बाहेर लोक ओरडायला लागले होते. धनराजनं आवाज चढवला नाही, त्यानं हात जोडले, आणि तेच इंदुताईला जास्त किळसवाणं वाटलं. तो म्हणाला, तीस माणसांचा हंगाम आहे, ताई. ऑर्गनवाल्याची पोरं आहेत, पडदेवाल्याची आहेत. सखी आजच्या दिवस उभी राहू दे, उद्यापासून चार्जिंगचा प्रवेश काढून टाकतो, आईची शपथ. आज मात्र मंडळाला तो पुरा पाहिजे.

“धनराज,” इंदुताई म्हणाली, “मले ओकारी येऊन राह्यली तुयाकडं पाहून. तुयाकडं आनि मायाकडं बी.”

कोपऱ्यातल्या खोक्यावर बसलेली करिष्मा उठली. तिनं आरशाच्या तुकड्यात पाहून ओघळ झालेली जागा अंगठ्यानं सारखी केली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

“जातो मी, ताई. काई नाई होत. तुमीच सांगितलं होतं ना.”

इंदुताईला वाटलं होतं की किळस येण्याची आजची हद्द झाली. ती झाली नव्हती. पोरीनं तिचाच धडा तिच्यापुढे ठेवला होता, तोही तक्रार म्हणून नव्हे, तिची समजूत घालायला. तिनं करिष्माला खांदे धरून परत खोक्यावर बसवलं, तिच्या अंगावर आपली शाल टाकली आणि रंगाची वाटी उचलली. स्पंज शोधायलाही ती थांबली नाही. दोन्ही तळहात वाटीत बुडवून तिनं तोंडाला फासले, मग मानेला, मग कोपरांपर्यंत. ती धनराजला म्हणाली, पडदा वर घे, तुला पुरा प्रवेश देते.

पडदा वर गेला तेव्हा आधी नुसता गलका झाला. सखीच्या जागी, खुणेच्या खडूच्या चौकटीत, बावन्न वर्षांची बाई उभी होती. अंगात आईचं नऊवारी लुगडं, केसांत पांढरी पावडर, आणि तोंडाला चंदेरी रंग, जो सुरकुत्यांत जाऊन बसला होता. आदेशनं एकदा विंगेकडे पाहिलं. मग तो म्हणाला की कंपनीनं बदलीत जुनं मॉडेल धाडलं आहे. लोक हसले. त्याला धीर आला. त्यानं माईक तोंडाशी नेला आणि पुकारलं, बॅटरी उतरली आहे, कोणी चार्जिंग करणार काय?

कोणी उठलं नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. बापूराव पुढच्या खुर्चीत मोबाईल काढून त्यात बघत होते. रांगेत उभे राहिलेले मघाचे गडी तणसावर बसून काड्या मोडत होते. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, दुसऱ्यानं मान हलवली. इंदुताई उभी होती. श्वास पोटात. नजर डोक्यांवरून पलीकडे. तिला चांगलं कळत होतं की हे कोणी आदरानं बसलेलं नाही. मघाशी एका क्षणात सगळ्यांना हात फुटले होते, आणि आता त्या हातांना इथे काही घेण्यासारखं दिसत नव्हतं. याचीही तिला घाण वाटली, आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

ऊन मंडपाच्या फटीतून सरकत तिच्या तोंडावर आलं. पोरं अजून फिसकत होती, मग त्यांचंही संपलं. ऑर्गनवाल्यानं दोन सूर धरले आणि सोडून दिले. आदेशनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्रवेश पुरा पाहिजे असं मंडळानं सांगितलं होतं, तो पुरा होत होता. तट्ट्याच्या फटीशी शाल पांघरून करिष्मा उभी होती आणि तिनं कोणी सांगितलं नसताना श्वास रोखला होता. घाम इंदुताईच्या केसांतून निघाला, पावडर घेऊन कपाळावर आला, तिथं रंग घेऊन भुवईत उतरला आणि डोळ्यांत गेला. रॉकेलची आग झाली. इंदुताईची पापणी लवली नाही.

मग बायांच्या बाजूनं कोणीतरी उठलं. बायनाबाई म्हणून गावातली एक म्हातारी होती, पाठीत वाकलेली. तिला वर चढायला दोघींनी हात दिला. आदेशनं सुटका झाल्यासारखं माईकवर पुकारलं की आजीबाई आल्या, आजीबाई चार्जिंग करणार, आणि टाचणी पुढे केली. म्हातारीच्या हातात नोट नव्हती. तिनं टाचणीकडे पाहिलं, आदेशकडे पाहिलं, आणि तशीच इंदुताईच्या समोर जाऊन उभी राहिली. मान वर करून तिनं बराच वेळ तो चेहरा पाहिला. हात उचलला, पण लावला नाही. माईक जवळच असल्यानं ती जे बोलली ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

“बाई, घाम डोऱ्यात चालला तुया. पुसू काय?”

म्हातारी हात तसाच वर धरून उत्तराची वाट पाहात राहिली.

“पुसा,” इंदुताई म्हणाली.

बायनाबाईनं पदराचं स्वच्छ टोक शोधलं, ते बोटाभोवती गुंडाळलं आणि आधी डावा डोळा पुसला, मग उजवा.